रोंडा राउझी खरंच भारी होती की नुसती हवा?

एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं त्या पिंजऱ्यातल्या फाइट्स, मी बघतो असं कुठे बोललो की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच, आणि तो कायम एकाच सुरात येतो: ती रोंडा राउझी हो, ती खरंच भारी होती की नुसती हवा होती? विचारणाऱ्याने बहुतेक एकच क्लिप बघितलेली असते. मेलबर्न, १५ नोव्हेंबर २०१५, यूएफसी १९३ (यूएफसी ही एमएमएची सगळ्यात मोठी कंपनी, १९३ हा तिच्या कार्यक्रमाचा नंबर), हॉली होमची डावी लाथ मानेवर बसते आणि चॅम्पियन राउझी आडवी. तेवढ्यावर निकाल लावून लोक मोकळे होतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ती भारीच होती, आणि त्या दिवशी हरली ते पण अगदी रीतसर हरली, लक फॅक्टर वगैरे काही नाही. दोन्ही एकदम खरं आहे. फक्त हे पटवून द्यायला मला आधी थोडं मागे जावं लागतं, तेव्हा कंटाळू नका.

२०११ मध्ये यूएफसीचा बॉस डेना व्हाइट कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता की यूएफसीत बायका कधीच लढणार नाहीत. तेव्हा बायकांच्या मोठ्या फाइट्स स्ट्राइकफोर्स नावाच्या दुसऱ्या कंपनीत व्हायच्या, जीना कारानो आणि क्रिस सायबॉर्ग २००९ मध्ये तिथेच मेन इव्हेंटला, म्हणजे कार्यक्रमाच्या मुख्य फाइटला, लढल्या होत्या. राउझी तिथेच वर आली. बेइजिंग ऑलिंपिकमध्ये ज्युडोचं ब्राँझ, आई स्वतः १९८४ ची ज्युडो वर्ल्ड चॅम्पियन, ते जिंकणारी पहिली अमेरिकन. घरातूनच सगळं आलेलं. मार्च २०१२ मध्ये मीशा टेटला हरवून तिने स्ट्राइकफोर्सचा बेल्ट घेतला आणि मग डेना व्हाइटचं ते ‘कधीच’ जेमतेम दोन वर्षं टिकलं, कारण २३ फेब्रुवारी २०१३ ला यूएफसी १५७ मध्ये राउझी आणि लिझ कार्मूश ही यूएफसीतली बायकांची पहिली फाइट झाली, आणि ती थेट मेन इव्हेंट म्हणून झाली. त्या फाइटमध्ये कार्मूश तिच्या पाठीवर चढून मान आवळत होती, राउझी जवळजवळ गेलीच होती, हे आता कुणाला आठवत नाही. शेवटी आर्मबार लागला, पहिल्याच राउंडमध्ये.

तिच्या पहिल्या आठही विजयांचा शेवट आर्मबारनेच झाला. म्हणजे समोरच्याचा हात दोन पायांत पकडायचा, कंबर वर उचलायची आणि कोपर उलटं ताणायचं. सगळ्यांना माहीत होतं की ती हेच करणार, आणि तरी कुणाला थांबवता येत नव्हतं. हवा असती तर एकीला तरी जमलं असतं ना थांबवायला? नंतरच्या चार फाइट्स तर अजून भयंकर: सारा मॅकमन ६६ सेकंद, अलेक्सिस डेव्हिस १६, कॅट झिंगानो १४, बेथ करेइया ३४. बेरीज करा, बेल्ट राखायच्या चार फाइट्स मिळून २ मिनिटं १० सेकंद. लोक पैसे मोजून फाइट लावायचे आणि पाणी प्यायला उठले तर संपलेली असायची.

पण खरी गोम याच आकड्यात आहे. इतक्या झटपट जिंकणाऱ्या फायटरचं आपल्याला, आणि तिला स्वतःला सुद्धा, फारसं काही कळत नाही. तिच्या पंचेसची, पायांच्या हालचालीची, दमल्यावर ती काय करते याची परीक्षाच झाली नाही. शेवटच्या चारपैकी तीन जिंकल्या त्या मारून, एक गुडघा पोटात लिव्हरवर आणि दोनदा पंचेस, आणि त्यामुळे एक समज तयार झाला की ही आता स्ट्रायकर, म्हणजे ठोसे-लाथांनी लढणारी, पण झाली. माझ्या मते सगळं तिथेच फिसकटलं. ती स्ट्रायकर नव्हती, ती अंगावर धावून जाणारी ज्युडोवाली होती आणि समोरच्या बायका धावून येणाऱ्या माणसापुढे गडबडून उभ्या राहायच्या.

हॉली होम उभी राहिली नाही, एवढंच.

होम अल्बुकर्कीची, बॉक्सिंगमध्ये वेगवेगळ्या वजनगटांत वर्ल्ड चॅम्पियन, त्याआधी किकबॉक्सिंग. कोच माइक विंकलजॉन आणि ग्रेग जॅक्सन. एमएमएत ९ फाइट्स, ९ विजय, पण यूएफसीतले पहिले दोन विजय पॉइंट्सवर आणि तसे बेचव, त्यामुळे राउझीसमोर तिचं नाव आलं तेव्हा तिला काही चान्स आहे असं फार कुणी म्हणत नव्हतं. फाइटही खरं तर जानेवारी २०१६ ला होती. मेलबर्नला रॉबी लॉलर आणि कार्लोस कॉन्डिट लढणार होते, पण लॉलरच्या अंगठ्याला दुखापत झाली म्हणून ती फाइट पुढे गेली आणि राउझी-होम अलीकडे आणली. जागा पण बघा, एतिहाद स्टेडियम, फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) आणि क्रिकेटचं मैदान, आणि व्हिक्टोरिया राज्यात पिंजऱ्यात फाइट घ्यायला जी बंदी होती ती त्याच वर्षी उठलेली. अमेरिकन टीव्हीला शनिवारची रात्र हवी म्हणून मेलबर्नमध्ये हे सगळं रविवारी भरदुपारी. आले ५६,२१४ लोक, यूएफसीचा तोपर्यंतचा विक्रम. आणि त्या दिवसाच्या मुख्य दोन्ही फाइट्स बायकांच्या बेल्टच्या, मेनच्या आधी योआना येंजेचिक पाच राउंड लढून व्हॅलेरी लेटर्नोविरुद्ध स्ट्रॉवेट या हलक्या वजनगटाचा बेल्ट राखून गेली. तीन वर्षांपूर्वी या कंपनीत बायकांची एक फाइट झाली नव्हती हो.

आता फाइट. क्लिपवाल्यांना माझी एकच विनंती असते, लाथेवर थांबू नका, पहिला राउंड बघा, आणि बघताना हातांकडे नाही तर होमच्या पायांकडे बघा. ती साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे आणि डावा हात जोरकस. राउझी सरळ रेषेत येते, होम एक डावा सोडते आणि बाजूला सरकते, पिंजऱ्याला पाठ लागतेय असं वाटलं की लगेच गोल फिरून पुन्हा मध्यभागी. राउझी परत सरळ येते. परत डावा. ज्युडोवाल्याला पकड लागते, खांदा, मान, दंड काहीतरी हातात यावं लागतं, नाहीतर तो फेकणार कशाला? पकड मिळालीच नाही असं नाही, राउझीने तिला जाळीला दाबलं, हात शोधला, आर्मबारच्या वाटेला पण लागली, पण होमने घाई न करता अंग सोडवून घेतलं, इतकंच काय नंतर होमनेच राउझीला खाली पाडलं, ऑलिंपिक मेडलवालीला! राउंड संपताना राउझीच्या तोंडातून रक्त आणि छाती भात्यासारखी वरखाली होतेय. कोपऱ्यात तिचा कोच काय सांगत होता तर छान चाललंय. मला तो भाग आजही बघवत नाही, कारण त्या एका मिनिटात तिला कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं की बाई, पाठलाग बंद कर.

दुसऱ्या राउंडमध्ये तेच पुढे चालू. राउझी झेपावली, होम बाजूला झाली, राउझी तोल जाऊन गुडघ्यावर, उठून वळली तोवर डावी लाथ मानेपाशी. खाली पडल्यावर दोन-तीन ठोसे आणि रेफरी हर्ब डीन मध्ये पडला. दुसऱ्या राउंडचं एकोणसाठावं सेकंद. म्हणजे ती लाथ आभाळातून नाही पडली, सहा मिनिटं तिची तयारी चालली होती.

मग यात वारसा कुठला, असं पुढचा प्रश्न येतो. मला विचाराल तर पुढचे आठ महिने. होमने राउझीची वाट न बघता ५ मार्च २०१६ ला मीशा टेटशी फाइट घेतली. बरेच लोक म्हणाले कशाला, थांबली असती तर रीमॅचचे केवढे पैसे मिळाले असते. पॉइंट्सवर पुढे होती, पाचव्या राउंडला टेटने मागून गळा आवळला, होमने टॅप केलं नाही, म्हणजे हात आपटून हार मानली नाही, शुद्ध हरपेपर्यंत हवेत पंच मारत राहिली. बेल्ट टेटकडे. जुलैमध्ये यूएफसी २०० ला टेटकडून अमांडा नुनेसकडे. डिसेंबरमध्ये राउझी परत आली आणि नुनेसने ४८ सेकंदांत संपवलं. मेलबर्नपर्यंत हा वजनगट म्हणजे राउझी असंच समीकरण होतं, आणि ती पडली तर दुकान बंद होईल अशी भीती बऱ्याच जणांनी बोलून दाखवली होती. झालं उलटं. बेल्ट फिरायला लागला, पुढे नुनेसने सायबॉर्गला ५१ सेकंदांत पाडून दुसराही बेल्ट घेतला, आणि २०१३ मध्ये बायकांचा एक वजनगट होता तिथे २०१७ संपेपर्यंत चार झाले. होमचं सांगायचं तर २०१९ मध्ये तिला पण नुनेसने डोक्यात लाथ घालूनच संपवलं, हा खेळ असल्या बाबतीत फार खडूस आहे.

आणि राउझीचं ज्युडो हवा होतं म्हणणाऱ्यांनी कायला हॅरिसन बघावी. कधीकाळी राउझीबरोबर सराव केलेली, ज्युडोची दोन ऑलिंपिक गोल्ड. २०२४ ला यूएफसीत आली आणि पहिल्याच फाइटमध्ये होमला दुसऱ्या राउंडला गळा आवळून टॅप करायला लावलं, मग जून २०२५ मध्ये ज्युलियाना पेन्याकडून बेल्ट घेतला. तोच पाया, फक्त ती आंधळेपणाने धावत नाही. मधल्या दहा वर्षांत सगळ्यांनीच मेलबर्नची टेप बघितलीय.

राउझी हरल्यावर जी खिल्ली उडवली गेली ती मात्र मला तेव्हाही खटकली होती. हो, ती तोऱ्यात असायची, फाइटआधी वजन करतात तेव्हा होमच्या अंगावर गेली, ग्लोव्हज टच केले नाहीत, हे सगळं मान्य. पण नंतर टीव्हीवर तिने स्वतः सांगितलं की त्या फाइटनंतर मेडिकल रूममध्ये तिच्या मनात जीव द्यायचे विचार येत होते, आणि लोक तेव्हा मीम बनवत होते. २०१८ मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेली ती पहिली बाई. ते मीम बनवणाऱ्यांना हे सांगितलं की म्हणतात, ते काय, कंपनीचंच असतं.

रीमॅच का नाही झाली हे पण बरेच जण विचारतात. राउझी वर्षभर आलीच नाही, आणि आली तोवर होमकडे बेल्ट नव्हता, मग कंपनी तिला नुनेससमोर सोडून होमसमोर कशाला उभी करेल. झाली असती तर? होमच जिंकली असती असं मला वाटतं, या वेळी बहुतेक पॉइंट्सवर. एतिहाद स्टेडियमचा विक्रम म्हणाल तर तो पण मोडला, ऑक्टोबर २०१९ ला, रॉबर्ट व्हिटेकर आणि इझरायल अडेसान्याच्या फाइटला ५७,१२७ लोक आले होते. स्टेडियम तेच, नुसतं नाव बदललेलं.