बाबांना घेऊन मांडवी ते तांबेकर वाडा, पायी

बाबांचं लहानपण दांडिया बाजारातलं. आम्ही आता गोत्रीला राहतो, म्हणजे वडोदऱ्यातच, पण माझ्या मुलांनी जुनं शहर कधी चालून बघितलंच नव्हतं आणि मला ते फार लागायचं. जानेवारीतल्या एका शनिवारी ठरवून गेलो, आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलं. बाबा ७४ वर्षांचे, गुडघा दुखतो, त्यामुळे मी आठवडाभर फक्त रस्त्याचाच विचार करत होते.

मागच्या वर्षी आम्ही गाडी थेट मांडवीकडे, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या कमानींच्या चौकोनी इमारतीकडे घातली आणि बाजारात असे अडकलो की काहीही न बघता घरी. म्हणून यावेळी गाडी दांडिया बाजारात लावली, दोन रिक्षा करून मांडवीला गेलो आणि तिथून चालत परत गाडीकडे. म्हातारं माणूस बरोबर असेल तर असंच करा, दमायला होतं तेव्हा गाडी जवळ आलेली असते.

दुकानं उघडायच्या आत पोचलो. मांडवीला प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी. बाबांनी धाकट्याचे खांदे धरून त्याला गोल फिरवून जुन्या शहराचे चार दरवाजे दाखवले, हा लहेरीपुरा, हा पाणीगेट, हा चांपानेर, हा गेंडीगेट. चारही दिशा पाठ झाल्या त्याला, पुस्तकातून झाल्या नसत्या. मग सेवउसळ खाल्ली आणि सेंट्रल लायब्ररीत गेलो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयं उभी करायला घेतली, त्यातली ही मुख्य. कपाटं लोखंडाची आणि वरच्या मजल्यांची जमीन काचेची, उजेड खालपर्यंत यावा म्हणून! मुलगी मान वर करून किती वेळ बघत होती.

लहेरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडलं की न्यायमंदिर. १८९६ ची इमारत, कोर्ट २०१८ मध्ये दुसरीकडे गेलं. बाबा त्यांच्या वडिलांबरोबर जागेच्या केससाठी इथे तारखांना यायचे, ते कुठे उभे राहायचे ती जागा त्यांनी रस्त्यावरूनच दाखवली. सूरसागर तलावाला अर्धा तास नुसते बसलो, हा अर्धा तास आधीच धरून ठेवा, गुडघ्याला तो लागतोच.

शेवटी रावपुऱ्यात तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते ५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा चार मजली लाकडी वाडा. खाली मी म्हटलं, बाबा तुम्ही ओट्यावर बसा, जिना अरुंद आहे. ते म्हणाले, "अगं शाळेला रोज इथूनच जायचो, आत एकदाही आलो नाही," आणि माझ्या नवऱ्याचा हात धरून एकेक पायरी चढलेच. वर भिंतीभर चित्रं, कृष्णाची रासलीला, महाभारत, मराठे-इंग्रज लढाई, आणि पगड्या, लुगडी सगळं आपलं. आईने लुगड्यांचे काठ ओळखून मुलीला एकेक सांगितले. बाबा काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसून पुसून बघत होते.

खाली आल्यावर म्हणाले, पुढच्या शनिवारी कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाडांचं स्मारक, तिथे नंदलाल बोसांची चित्रं आहेत, आणि गाडी मी सांगेन तिथे लावायची.