तुम्ही विचारलंत म्हणून : न लढलेला रणगाडा

"टायगर आहे, टी-३४ आहे, शर्मन आहे. हे सगळे सोडून तुम्ही तो कधी न लढलेला जपानी रणगाडा काय घेऊन बसता? आणि त्याच्यावर गेम होणार तरी कसा?" ऑफिसातले सहकारी विचारतात, भाचे विचारतात, परवा आईनेही विचारलं. मी पुण्यात गेमसाठी थ्रीडी मॉडेल करते. पोटापाण्याचं काम संपलं की रात्री स्वतःसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या 'ची-तो' या जपानी रणगाड्याचं मॉडेल करत बसते. इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

सुरुवात नगरला झाली. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये 'ची-हा' हा ची-तोच्या आधीचा जपानी रणगाडा उभा आहे. बाबांबरोबर गेले होते. ते ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्यापाशी रमले आणि मी या बुटक्या, रिव्हेटांनी भरलेल्या गाड्यापाशी अडकले. पुढचं चिलखत २५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. जोडणी रिव्हेट आणि बोल्टची. बाहेरून गोळा आदळला की अशा रिव्हेटांची डोकी तुटून आत उडतात आणि आतल्याच माणसांना लागतात. मूळची ५७ मिलिमीटरची आखूड तोफ पायदळाला साथ देण्यासाठी होती, समोरचा रणगाडा फोडण्यासाठी नव्हे. चीनमधल्या युद्धात हे चालून गेलं. जून १९४४ मध्ये प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर जपानच्या ९व्या टँक रेजिमेंटने चाळीसच्या वर रणगाडे घेऊन रात्री हल्ला केला. समोर अमेरिकनांच्या खांद्यावरून रणगाड्यावर डागायच्या बझूका होत्या, शर्मन रणगाडे होते. उजाडेपर्यंत रेजिमेंट जवळजवळ संपली होती.

आणि त्याच वर्षी जपानमध्ये ची-तोचा नमुना तयार झालेला होता.

मला पकडून ठेवतं ते हे. ची-तो हा वेगळ्याच जातीचा रणगाडा होता. वजन सुमारे ३० टन, ची-हाच्या दुप्पट. पुढचं चिलखत ७५ मिलिमीटर. मित्सुबिशीचं बारा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं डिझेल इंजिन, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती. चांगल्या रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर. तोफ ७५ मिलिमीटरची, लांब नळीची, विमानविरोधी तोफेवरून घडवलेली. त्या विमानविरोधी तोफेचं मूळ आणखी मागे जातं: चीनमध्ये हाती लागलेल्या स्वीडिश बोफोर्स तोफेपर्यंत. गोळा तोंडातून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर. शर्मनशी समोरासमोर उभं राहण्याइतका हा रणगाडा नक्कीच होता. पण युद्ध संपलं तेव्हा पुरे झालेले ची-तो किती? दोन. अमेरिकेने शर्मन केले सुमारे ४९ हजार.

अभियंते कमी पडले म्हणून असं झालं नाही. पोलाद आधी जहाजांना आणि विमानांना जायचं, रणगाड्यांचा नंबर नंतर. जपानचं रणगाड्यांचं उत्पादन १९४२ साली शिखरावर होतं, तिथून ते घसरतच गेलं. पुढे अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांनी कारखानेच जाळायला सुरुवात केली. नव्या तोफेला अर्धस्वयंचलित भरणी, म्हणजे गोळा भरायला मदत करणारं यंत्र, बसवायची होती, तीही नीट चालेना.

नावाबद्दलही सांगायलाच हवं, कारण ते मला फार आवडतं. 'ची' म्हणजे मध्यम रणगाडा, 'चू-सेन्शा'तला. 'तो' हा क्रमांक. आपण अ, ब, क लावतो तसे जपानी लष्कर 'इरोहा' या जुन्या कवितेतली अक्षरं लावायचं: इ, रो, हा, नि, हो, हे, तो, ची, री, नु. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी ती कविता आहे आणि तिची पहिली ओळ सांगते की फुलं कितीही दरवळली तरी गळून जातात. परंपरेने तिचा संबंध बुद्धाच्या अनित्यतेच्या गाथेशी जोडतात. आपल्याकडे विहारात आणि अंत्यविधीला म्हणतात तीच, 'अनिच्चा वत सङ्खारा'. ची-तोनंतरच्या दोन रणगाड्यांची नावं ची-री आणि ची-नु. कवितेत 'चिरिनु' म्हणजे गळणं. कुणा कारकुनाने क्रमाने अक्षरं लावली असतील. मी मात्र फाइलला नाव देताना दर वेळी थबकते.

आता गेम. ची-तो गेममध्ये आधीपासून आहेच. वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये सहाव्या टियरवर, म्हणजे ताकदीच्या सहाव्या पायरीवर आहे, वॉर थंडरमध्येही आहे, आणि मी दोन्हीकडे तो चालवलाय. मजा येते. टेकडीच्या आडून तोफ खाली वाकवून मारायचं आणि मागे सरकायचं, हा त्याचा खेळ. पण तिथे त्याला डिझेल नेहमी असतं. गोळे असतात. चालक शिकलेला असतो. सुटा भाग मोडला तर काही सेकंदांत दुरुस्त होतो. म्हणजे ची-तोची जी खरी गोष्ट आहे, नेमकी तीच तिथे पुसलेली आहे. आकडे त्याचे आहेत, आयुष्य कुठल्यातरी सुखवस्तू रणगाड्याचं आहे.

माझ्या मनातला गेम कारखान्यात सुरू होतो. महिन्याचं पोलाद ठरलेलं. ते नव्या रणगाड्याच्या पुढच्या पत्र्याला द्यायचं, की सायपानला निघालेल्या ची-हाच्या सुट्या भागांना? भरणीचं यंत्र अजून दोन महिने घोटत बसायचं, की काढून टाकून माणसाच्या हाताने गोळा भरायचा? इथे खेळाडूचा घाम निघाला पाहिजे. गोळी एकही सुटलेली नसताना हरण्याची भीती वाटली पाहिजे. तोफांच्या द्वंद्वाचे गेम शेकडो आहेत, हा प्रकार मला अजून खेळायला मिळालेला नाही.

मग रस्ता. अमेरिकेची योजना १ नोव्हेंबर १९४५ ला जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर आणि १ मार्च १९४६ ला टोकियोजवळच्या कांतो मैदानात उतरण्याची होती. ची-तो लढला असता तर बहुधा तिथेच. पुढे मोठे कादंबरीकार झालेले शिबा रियोतारो तेव्हा टोकियोच्या उत्तरेला रणगाडा दलात तरुण अधिकारी होते. त्यांनी नंतर सांगितलेली एक आठवण आहे. मुख्यालयातून आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं गेलं: आम्ही दक्षिणेला निघणार, त्याच रस्त्याने लोक हातगाड्या घेऊन उत्तरेला पळत येणार, तेव्हा काय करायचं? उत्तर आलं, चिरडून पुढे जा.

ची-तोवर गेम करणाऱ्याने हा रस्ता टाळू नये, असं मला मनापासून वाटतं. 'जपान जिंकला असता तर' छापाची मिशन मला करायचीच नाहीत. ७५ मिलिमीटरचं चिलखत कुणाला वाचवणार होतं आणि कुणावरून जाणार होतं, हे खेळाडूने स्टिअरिंगवर हात ठेवून ठरवावं. थांबलात तर वेळ जातो, हुकूम मोडतो. नाही थांबलात तर मग तुम्हाला ते दिसायला हवं. कॅमेरा वळवून चालणार नाही.

शेवटचं मिशन माझ्याकडे तयार आहे, त्यात शत्रू नाही. दोनपैकी एक ची-तो अमेरिकन सैन्याच्या हाती लागला. दुसरा, असं सांगतात, शिझुओका प्रांतात हामाना तळ्याच्या काठी नेऊन पाण्यात सोडला, अमेरिकनांना मिळू नये म्हणून. २०१२-१३ च्या सुमारास मिक्काबी गावच्या लोकांनी सोनार लावून तळाचा शोध घेतला. रणगाडा सापडला नाही.

गेममध्ये तो तुम्हीच न्यायचा. ऑगस्ट १९४५, रात्र, दिवे बंद. ज्या गाड्यासाठी तुम्ही पोलादाचा कण न् कण वाचवला, तो पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पाण्यात घालायचा. पाणी ट्रॅकपर्यंत, मग चालकाच्या खिडकीपर्यंत. सध्या मी त्याच आवाजावर अडले आहे. हवेने थंड होणारं एवढं मोठं डिझेल पाण्यात बंद पडताना कसं वाजत असेल, याचं रेकॉर्डिंग कुठे मिळत नाही. गेल्या रविवारी भोरजवळ नदीवर एक जुना ट्रॅक्टर पाण्यातून जाताना रेकॉर्ड करून आणलाय. थोडा जवळ आलाय आवाज.