काट्यावरचं शून्य

आज हर्णै बंदरावर सुरमई 640 रुपये किलो. काट्यावर 2.075 आलं, म्हणजे दोन किलो पंचाहत्तर ग्रॅम. मोबाईलवर घाईत 2.75 दाबलं गेलं आणि उत्तर 1760! कॅल्क्युलेटर चुकला नाही, बोटाने शून्य गिळलं.

मासळीवाल्या मावशीच म्हणाल्या, "एवढे कसे होतील? दोनाचे बाराशे ऐंशी. शंभर ग्रॅमला चौसष्ट, त्याचे पाऊण अठ्ठेचाळीस." 1328. फरक तब्बल 432 रुपयांचा.

खरंच पावणेतीन किलो असती तर तिनाच्या 1920 मधून पावाचे 160 वजा, की 1760. पावकी-पाऊणकीचा, म्हणजे पाव आणि पाऊणच्या जुन्या पाढ्यांचा, उपयोग इथे. जीएसटीचं लांबलचक बिल मात्र मीही मशीनवरच करतो. पण दोन किलोच्या वर किती, हा अंदाज आधी तोंडी घ्यायचा, मग बटणं.