कोशॉन आणि त्याच्या शेजारचे मांसाचे दुकान

केजन जेवण म्हणजे फ्राइजवर भुरभुरायचा लाल मसाला, अशी समजूत आपल्याकडच्या कॅफेंमुळे झाली असेल, तर अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर वेअरहाउस डिस्ट्रिक्टमधील चॉपिटूलस रस्त्यावर अवश्य जावे. तिथे ‘कोशॉन’ हे केजन उपाहारगृह आहे आणि त्याला लागूनच ‘कोशॉन बुचर’ हे त्याच मंडळींचे मांसाचे दुकान आहे. पुष्कळ जण या दोहोंपैकी एकाच ठिकाणी जेवून परततात. माझे मत मात्र असे आहे की दुकान पाहिल्याशिवाय उपाहारगृहातील ताट पुरते कळत नाही.

याचे कारण केजन लोकांच्या इतिहासात आहे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया भागात राहणाऱ्या या फ्रेंचभाषक कॅथलिक शेतकऱ्यांनी ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्याचे नाकारले, म्हणून १७५५ पासून त्यांना घरादारांतून हाकलून देण्यात आले. त्यांच्यातील अनेक कुटुंबे पुढच्या काही दशकांत लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ मैदानांत येऊन वसली. न्यू ऑर्लिन्स हे क्रिओल, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी संस्कृतींच्या मिश्रणातून घडलेले शहर. केजन मुलूख त्याच्या पश्चिमेला, लाफायेट शहराच्या आसपासचा. शीतपेटी नसलेल्या त्या खेड्यांत थंडी पडली की शेजारीपाजारी एकत्र जमून डुक्कर कापत आणि दिवस मावळण्याआत त्याचा कणन् कण मार्गी लावत. या सामुदायिक कामाला तिथे ‘बूशरी’ म्हणतात. कलेजी आणि मांसाचे तुकडे भात, कांदा व पातीच्या कांद्याबरोबर शिजवून आतड्यांत भरले की बूदँ तयार होई. मुंडीचे मांस शिजवून त्याच्याच रसात गोठवले की वडी पाडता येई. कातडी चरबीसकट तळली की कुरकुरीत क्रॅकलिन्स. आणि खांद्याचे मांस तिखटमिठात मुरवून धुरावले की टासो, जो पुढे कित्येक आठवडे घेवड्यात किंवा गम्बो नावाच्या दाट रश्शात चिमूटभर चव देण्यापुरता वापरला जाई. वजडी, मुंडी आणि पाये आवडीने खाणाऱ्या मराठी माणसाला यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. गोव्याचे शोरीससुद्धा पावसाळ्याच्या बेगमीसाठीच जन्मले. फरक एवढाच की तिथे मांस टिकवण्याचा मोठा भार व्हिनेगरवर असतो, तर इथे मिठावर आणि धुरावर.

डोनाल्ड लिंक हे नैर्ऋत्य लुइझियानातील, भातशेतीच्या प्रदेशात वाढलेले शेफ. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने शहर बुडाले आणि त्यानंतर वर्षाच्या आतच, २००६ मध्ये, त्यांनी स्टीफन स्ट्रिजेव्स्की यांच्यासह कोशॉन सुरू केले. माणसे अजून घरांतला चिखल उपसत असताना खेड्यातले, आजी-आजोबांचे जेवण शहरात मांडणे हे मला धाडसाइतकेच मायेचेही काम वाटते. पुढे लिंक यांना २००७ मध्ये आणि स्ट्रिजेव्स्की यांना २०११ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण विभागातील सर्वोत्तम शेफ म्हणून जेम्स बिअर्ड हा तिथल्या पाककलेतील मानाचा पुरस्कार मिळाला.

उपाहारगृहात लाकडाची भट्टी आहे, आणि जेवणाची सुरुवात त्या भट्टीतल्या कालवांनी करावी. शिंपल्यातच भाजलेल्या या कालवांवर लसूण आणि मिरचीचे लोणी असते. ते पावाने पुसून घेण्यात संकोच करू नये. तळलेली मगर बहुतेक जण कुतूहलापोटी मागवतात. ती चवदार असते, पण भूक राखून ठेवायची ती उपाहारगृहाच्याच नावाच्या पदार्थासाठी; ‘कोशॉन’ म्हणजे फ्रेंचमध्ये डुक्कर. डुकराचे मांस मंद आचेवर इतके शिजवतात की ते आपोआप सुटते. मग ते मोकळे करून त्याची जाडसर टिक्की थापतात, ती बाहेरून खरपूस भाजतात आणि कोबी व सलगम यांच्यावर ठेवून वरून क्रॅकलिन्स देतात. या पदार्थात तिखटाचा भडका नाही. मऊ मांस, कोबीचा गोडसरपणा आणि कातडीचा कुरकुरीतपणा यांच्यावरच त्याची सगळी भिस्त आहे, आणि लाल मसाल्याची अपेक्षा घेऊन आलेल्याला पहिल्या घासातच आपली चूक उमगते. बिडाच्या तव्यात येणारा ससा आणि त्यावरचे डम्पलिंग्ज हाही तितकाच शांत, घरगुती पदार्थ आहे.

शेजारच्या दुकानात टेबलावर येऊन कोणी विचारत नाही. काउंटरवर मागणी नोंदवायची आणि जागा मिळेल तिथे बसायचे. काचेमागे सॉसेज आणि मुरवलेल्या मांसाचे प्रकार मांडलेले असतात. ते विकत आणून ठेवलेले नसतात, इथेच केले जातात, आणि उपाहारगृहाच्या ताटाचा उलगडा मला इथे झाला. ताटात खांदा किंवा मांडी आली, की उरलेल्या भागांचे काय होते, याचे उत्तर या काचेमागे असते. इथले मफलेटा सँडविच गरम मिळते. ते मूळचे न्यू ऑर्लिन्सच्या सिसिलियन स्थलांतरितांचे, केजन नव्हे, पण ऑलिव्हच्या लोणच्याखाली याच घरचे मांस असल्याने ते इथे परके वाटत नाही. पोटाच्या चरबीदार मांसाचे, काकडी व पुदिना घातलेले सँडविच मला त्याहूनही आवडते, कारण पुदिना त्या चरबीला बरोबर आवर घालतो. बूदँ मात्र साधेच मागवावे. आतड्याचे आवरण चावत बसण्याची गरज नाही. एका टोकाने दाबून आतला मऊ भात थेट तोंडात घ्यावा, लुइझियानात तसेच खातात.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी इथे नीट चौकशी करावी, कारण या पाकपरंपरेत भाज्या आणि घेवडाही अनेकदा मांसाच्या तुकड्याबरोबरच शिजतो. बाकीच्यांनी दुपारी दुकानात आणि दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी, आधी टेबल राखून, उपाहारगृहात जावे; दोन्ही एकाच दिवशी पोटाला झेपत नाही. मुक्कामाच्या जागी चूल असेल तर दुकानातून धुरावलेले आंदुई सॉसेज घेऊन राजम्यासारख्या लाल घेवड्यात घालून मंद आचेवर शिजवावे आणि भाताबरोबर वाढावे. न्यू ऑर्लिन्सच्या घरांत हा बेत सोमवारी असतो.