वस्तऱ्याचं टोक आणि ‘उद्या बघतो’

थोरल्या चुलत्यांचा जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा माझ्याकडं आला तेव्हा टोकाशी मसुराएवढा टवका उडालेला होता. एवढा टवका नुसत्या पाजवण्यानं जात नाही, पात्याचा आकारच बदलावा लागतो. चौकोनी टोक गोल करायचं ठरवलं. गल्लीतल्या सलूनमध्ये आता बदलत्या पात्याचेच वस्तरे, त्यामुळं धारेचा दगडच नाही.

म्हणून कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर गाठलं, यंत्रकामाच्या कारखान्यांची वसाहत. मायक्रॉनात काम करणारी माणसं तिथली, एवढंसं टोक म्हणजे काय! पण काम बारकं, पैसे थोडे. “ठेवून जावा, उद्या बघतो.” गेलो तर वस्तरा ड्रॉवरमध्ये तसाच. मग लाईट नव्हती. मग मालक लग्नाला. पुढं पुढं तर मी दारात दिसलो की पोरगं लांबूनच मान हलवायचं. “राहू दे, परत द्या” म्हटलं की “आत्ता करतो की, बसा!” आणि चहा. शेवटी केलं ते कोरड्या चाकावर, माझ्यादेखत. “पाण्यात बुडवा, बुडवा” म्हणून मी ओरडतोय तोवर टोक निळं पडलं. कार्बन स्टील तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. “दिसायला भारी झालंय की!” म्हणे. पैसेही घेतले. अजून आठवलं की डोकं तापतं.

निळा भाग सगळा काढणं एवढाच उपाय. घरी कार्बोरंडमचा दगड, भरपूर पाणी आणि हात. टोक गोलाईत फिरवायचं, बोटाला कोमट लागलं की बुडवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण हातानं पातं जळत नाही. त्याआधी नवा आकार मार्करनं पात्यावर काढून घ्या.

मग 1000, 4000, 8000 चे दगड, आकडा मोठा तसा दगड बारीक. पात्याची पाठ, म्हणजे जाड कड, आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवी, कोन पाठच ठरवते. गोल टोकासाठी ओढ संपताना मनगट किंचित वळवावं लागतं. दगडानंतर धार ज्यावर घासायची त्या पट्ट्यासाठी चपलांच्या कारागिराकडून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं आणलं, बिनतेलाचं. पट्ट्यावर पाठ पुढं, धार मागं. उलटं केलंत तर चामडं कापेल.

दाढी गुळगुळीत झाली. पावसाळ्यात शिवणमशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवतो.

मशीनवरच करून घ्यायचं असेल तर आधी विचारा, चाकावर पाणी सोडता का? नाही म्हणाले तर चहा न घेता परत या.