खालचं खाचर

कोथरूडमध्ये तळं कुठून आणणार, म्हणून गॅलरीतल्या जुन्या टबात मी कुमुदिनी लावली आहे. डास नकोत म्हणून गप्पी मासेही सोडलेत. परवा दुपारी चहाचं आधण ठेवून सहज डोकावले, तर एका पानाची कड लांबट गोल कापलेली. तो तुकडा शेजारीच तरंगत होता. वारा नव्हता, तरी हळूच सरकत होता. बोटावर घेतला. दोन तुकडे रेशमाने एकमेकांना चिकटवलेले होते. मधून एक तपकिरी डोकं बाहेर आलं, अंदाज घेतला आणि आत गेलं. आधण आटलं.

दिव्यावर येणाऱ्या पतंगांपैकी काहींची पोरं पाण्यात वाढतात, हे सांगूनही लोकांना पटत नाही. युरोपातल्या अशाच एका पतंगाला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ साली नाव दिलं, तेही कुमुदिनीवरून. हायड्रिला नावाचं पाणतण खाणारा त्यांचा एक आशियाई भाऊबंद १९७६ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथे हायड्रिलाने तळी भरली होती, म्हणजे पाहुण्याचं पान आधीच वाढलेलं.

आमच्या मावळात मात्र ही मंडळी पाहुणी नव्हती. भातावरची सुरळीतील अळी. पानाचा शेंडा कापायचा, त्याची नळी करायची, आतून रेशमाचं अस्तर लावायचं आणि थोडं पाणी भरून घेऊन आत राहायचं. श्रावणात आंबेमोहराची पानं पांढुरकी दिसू लागली की अण्णा, म्हणजे माझे आजोबा, काथ्याचा दोर रॉकेलात बुडवून काढायचे. एक टोक आत्तेभावाकडे, एक माझ्याकडे. दोघांनी दोन बांधांवरून दोर ताणून रोपांवरून ओढत जायचं.

"वर उचलू नकोस गं, शेंड्याला लागू दे!"

सुरळ्या टपटप पाण्यात पडायच्या. हाताला रॉकेलचा वास दोन आंघोळींनी जात नसे. तो वास मला आवडायचा. अजूनही स्टोव्ह दिसला की मी जरा जवळ जाते.

"अण्णा, आता बुडतील ना त्या?"

"छे! पाण्यातच तर जन्म त्यांचा. अंगाला कल्ले असतात, पांढऱ्या दोऱ्यासारखे."

मग ते फावड्याने बांधाचं तोंड फोडायचे. पाणी सगळ्या सुरळ्या घेऊन धो धो निघायचं आणि खाचर रिकामं व्हायचं. खरं तर तिथे चाळण लावून सुरळ्या गोळा करायच्या असतात. चाळण पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

मावळातली खाचरं उताराची, एकाखाली एक. आमच्या खालच्या खाचराचे काका अण्णांशी कधीच बोलत नसत. लग्नाकार्यालाही तोंड फिरवायचे. भांडण बांधाच्या हद्दीचं आहे, असं घरात सगळे सांगत.

असेलही.