बिलीरुबिन उतरलं म्हणजे रुग्ण सुधारला का?

बिलीरुबिन या रक्तातल्या पिवळ्या द्रव्यामुळे कावीळ दिसते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला की आपल्या विदर्भातल्या खेड्यांत 'कावीळ उतरली' म्हणून घरचे निर्धास्त होतात. लिव्हर निकामी झालेल्या, त्यात सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीरभर झालेला बिघाड) असलेल्या रुग्णाला प्लाझ्मा एक्स्चेंज दिलं, म्हणजे रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा) काढून दात्याचा घातला, की डोळे खरंच निवळतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आयएनआरही खाली येतो. पण पिवळा प्लाझ्मा आपणच काढला आणि रक्त गोठवणारे घटक आपणच एफएफपीतून (दात्याच्या गोठवून ठेवलेल्या प्लाझ्मातून) घातले. लिव्हरने यात काहीच केलेलं नसतं. म्हणून या उपचाराची चाचणी करताना मेल्ड स्कोअर (बिलीरुबिन, आयएनआर वगैरेंवरून काढलेला लिव्हरच्या आजाराचा आकडा) किती उतरला, यावर निकाल देऊच नये. २८ आणि ९० दिवसांनी किती जण जिवंत आहेत, ते मोजावं. जुन्या लिव्हर आजारात अचानक बिघडलेल्या रुग्णांवरच्या मार्स या रक्त गाळणाऱ्या यंत्राच्या २०१३ सालच्या युरोपीय चाचणीत बिलीरुबिन उतरलं, पण २८ दिवसांचा मृत्युदर तसाच राहिला. २०१६ च्या चाचणीत प्लाझ्मा एक्स्चेंजने जगण्याचं प्रमाण ४७.८ ऐवजी ५८.७ टक्के आलं. मात्र ते रुग्ण धडधाकट लिव्हर एकाएकी निकामी झालेले होते. तो आकडा सिरोसिसच्या (लिव्हर हळूहळू कडक होत गेलेल्या) रुग्णाला लावता येत नाही.

प्लाझ्मा किती लागेल? ०.०६५ गुणिले वजन गुणिले (१ वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा). ६० किलो वजन आणि ३० टक्के हिमॅटोक्रिट असेल तर सुमारे २.७ लीटर, म्हणजे एका वेळच्या ११ ते १४ पिशव्या. गडचिरोली किंवा मेळघाटातून रुग्ण सेवाग्राम, नागपूरकडे निघतानाच रक्तगट फोनवर कळवावा. तिथे तो पुन्हा तपासतातच, पण रक्तपेढीला साठा बघायला वेळ मिळतो.

सगळ्यात जास्त घात करतं ते एफएफपीतलं सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेलं द्रव्य. निकामी लिव्हर ते पचवू शकत नाही, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. ओठांना मुंग्या येतात, हे शुद्धीतला रुग्ण सांगेल. गुंगीतला कसा सांगणार? एकूण कॅल्शियमचा रिपोर्ट इथे फसवतो, तो नॉर्मल किंवा जास्तच दिसतो. एबीजी (रक्तातले वायू तपासणाऱ्या) मशीनवर आयोनाइज्ड, म्हणजे न बांधलेलं मोकळं कॅल्शियम वरचेवर बघावं. एकूण भागिले आयोनाइज्ड २.५ च्या वर गेलं, तर सायट्रेट साचतंय. मग एक्स्चेंजचा वेग कमी करून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावं.

अँटिबायोटिकचंही तसंच. सेफ्ट्रियाक्झोन प्रथिनांना चिकटून राहतं, त्यामुळे एक्स्चेंजच्या जरा आधी दिलेल्या डोसचा काही भाग टाकाऊ पिशवीत जातो. तो एक्स्चेंज संपल्यावर द्यावा आणि चाचणीच्या दोन्ही गटांत (एक्स्चेंज मिळालेल्या आणि न मिळालेल्या) डोसची वेळ लिहून ठेवावी. नाहीतर जंतुसंसर्ग वाढला तो उपचारामुळे की औषध वाहून गेल्यामुळे, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.